दानाचा स्वीकार

वकिलीच्या व्यवसायात मी दानपत्रे पुष्कळ लिहिली. परंतु दान पूर्ण केव्हा होते, हे मला गेल्या उन्हाळ्यात माझ्या आईने शिकविले.

आमचे घर बालाघाट जिल्ह्यातील परसवाडा येथे, सातपुड्याच्या कुशीत आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे बाहेर हिंदी आणि घरात मराठी, ही आमची तीन पिढ्यांची वहिवाट. मी जबलपूरला वकिली करतो. मुले तेथेच हिंदी शाळेत शिकतात. लिपी एकच असल्याने मराठी पोथी त्यांना वाचता येते. अर्थ मात्र सुटीत आजीकडूनच घ्यावा लागतो.

मे महिना होता. गावात तेंदूपत्त्याची पुडकी येऊ लागली होती. दिवेलागणीस तुळशीपाशी निरांजन लावून आईने मुलांना समर्थांचे मनाचे श्लोक सांगावयास आरंभ केला. श्लोक २०५, रोज सहा म्हटले तर पस्तिसाव्या दिवशी एकच उरतो, हा हिशेब माझ्या मुलीने मांडला. आई पुस्तक हाती धरीत नसे. ती एक चरण म्हणे, मुले मागून म्हणत. भुजंगप्रयाताची चाल त्यांच्या जिभेवर लवकर बसली.

चौथ्या आठवड्यात एके सायंकाळी आई तिसऱ्या चरणाशी थांबली. ओठ हलले, पण शब्द येईना. वर्षभर तिला औषधाची वेळ आठवत नव्हती, शेजारणींची नावे सुटत होती. तरी श्लोक अढळ राहतील अशी आम्हां सर्वांची समजूत होती. मी पुस्तक आणावयास उठलो, तोच माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने तो चरण म्हटला. दुपारी सारे निजले की ती एकटी पुढचे श्लोक पाठ करीत असे, हे आम्हांस तेव्हा कळले.

आईने तिला हात जोडले.

मी म्हणालो, "आई, नातीला कोणी हात जोडतं का?"

ती म्हणाली, "माझ्या आईनं दिलेलं माझ्यापाशीच राहून जातं की काय, ही धास्ती होती रे. पोरीनं ते घेतलं. हात जोडू नको तर काय करू?"

रात्री मला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे १२२ वे कलम आठवले. दान केवळ देण्याने पूर्ण होत नाही; घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते, आणि तेही दाता हयात व देण्यास समर्थ असेपर्यंत. हे कलम मी न्यायालयात कितीदा तरी वाचून दाखविले होते. लहानपणी हेच श्लोक आई मला सांगू पाही, तेव्हा मी विटीदांडू घेऊन पळत असे. कॉलेजात गेल्यावर "पुढच्या सुटीत बसू" म्हणत असे. तिने हात पुढे करून तीस-पस्तीस वर्षे झाली होती. माझ्याकडून स्वीकार तेवढा राहिला होता. आणि आता दात्याचे सामर्थ्य ओसरू लागले होते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीस मी मुलांच्या मागे जाऊन बसलो. आई काही बोलली नाही. तिने निरांजनातली वात सारखी केली आणि पहिला चरण नेहमीपेक्षा जरा सावकाश म्हटला.