आधी शपथ, मग मजकूर

चि. मेधास,


कूम्ब ॲबीचा फोटो पोचला. हॉटेल झकास आहे, केकही. पण खाली तू विचारलंस, ‘मामा, डिग्बीसारखा भला माणूस या भानगडीत पडलाच कसा?’ आणि माझी दोन रात्री झोप उडाली. (मामी म्हणते, संध्याकाळचा चहा बंद कर.)

अगं, भला होता म्हणूनच पडला! जेम्स राजाविरुद्धच्या त्या कटात, तू केक खाल्लास तिथूनच नऊ वर्षांच्या राजकन्या एलिझाबेथला पळवायचं काम त्याच्याकडे होतं. तुम्ही पुतळे जाळता गाय फॉक्सचे, कारण बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं राखताना तो सापडला. सर एव्हरार्ड डिग्बीची आठवण कोण काढतो? देखणा, पैसेवाला, तिशीच्या आतला. गेहर्स्टला बायको, दोन लहान मुलगे. १६०३ मध्ये याच जेम्स राजाने त्याला ‘सर’ केलेलं. कॅथलिकांना सरकारी चर्चला न गेल्याबद्दल महिन्याला २० पौंडांपर्यंत दंड बसायचा, नव्या राजावर ठेवलेली आशाही फोल ठरली. तो राग खराच होता. पण नुसता राग आला तर माणूस घरात चरफडत बसतो. त्याला उंबऱ्याबाहेर ओढायला दोस्तच लागतो.

तो दोस्त रॉबर्ट केट्सबी. १६०५ चा ऑक्टोबर, दोघं घोड्यांवरून बरोबर चाललेले. त्याने आधी गुप्ततेची शपथ घ्यायला लावली आणि मग सांगितलं, पार्लमेंट राजासकट उडवायचंय. हा क्रम बघ, मेधा! डिग्बी हादरला. आपलेच कॅथलिक सरदार आत असतील, त्यांचं काय? धर्मगुरूंना हे मान्य आहे? केट्सबीकडे उत्तरं तयार होती. शंका सगळ्यांनाच येते गं. भल्या माणसाला ती दुसऱ्यांदा विचारणं असभ्यपणाचं वाटतं. झालं, याने १५०० पौंड कबूल केले आणि डन्चर्चला शिकारीच्या नावाखाली माणसं जमवली. बेत फसल्याचं कळताच त्यातले बरेचसे गुपचूप पांगले. हा थांबला. तुझे बाबा सोसायटीच्या त्या प्रकरणात थांबले होते तसाच. जाऊ दे.

केट्सबी गोळी लागून सुटला. खटल्यात गुन्हा कबूल करणारा डिग्बी एकटा. निकालानंतर सरदारांपुढे वाकून म्हणाला, तुमच्यापैकी कुणी एकाने जरी क्षमा केली म्हटलं, तरी फाशीला हलक्या मनाने जाईन. देव क्षमा करो, आम्हीही करतो, असं ते म्हणाले. तीन दिवसांनी, ३० जानेवारी १६०६ ला, सेंट पॉलच्या आवारात त्याला मारलं. थोरला केनेल्म तेव्हा अडीच वर्षांचा.

आता ती शेवटची ओळ. ‘मैत्रिणीच्या घरभाड्याला जामीन राहिलेय, सही झाली, कागद नंतर पाठवते म्हणालीय.’ हे असं केकच्या फोटोखाली लिहितात? पोरगी चांगलीच असेल, मी कुठे नाही म्हणतोय! पण रक्कम किती? मुदत किती? तिच्याबरोबर राहणाऱ्या बाकीच्यांचं भाडंही तुझ्याच गळ्यात आहे का? मागायला लाज वाटत असेल तर माझं नाव सांग, मामा खवीस आहे म्हण. बाबांना मी अजून बोललेलो नाही.

रविवारी फोन करशील तेव्हा तो कागद हातात घेऊनच बस.

तुझा,
मामा