लेखनाचे उपदेशक

लिहावे कसे हे शिकविणाऱ्या ग्रंथांचा आम्हांस फार दिवसांचा नाद आहे. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम यावा, बिऱ्हाड आवरावयास घ्यावे, आणि पुस्तकांच्या पेटीपाशी आल्यावर ‘यांतली निम्मी तरी येथेच कोणाला देऊन टाका’ अशी सूचना घरातून व्हावी, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस असेल. जबलपूर सोडताना आमच्या कादंबऱ्या गेल्या, कटक सोडताना मासिकांचे जुने अंक गेले. हे उपदेशग्रंथ मात्र दिल्लीपर्यंत सुखरूप आले. यात त्यांच्या थोरवीचा भाग थोडा आणि आकाराचा अधिक. लेखन आटोपशीर असावे असे सांगणाऱ्यास स्वतःचे पुस्तक जाड करता येत नाही. फाउलरसाहेबांचा १९२६ सालचा कोश तेवढा याला अपवाद. पण तो वाचावयाचा ग्रंथ नसून वाद मिटविण्याचा किंवा पेटविण्याचा आहे, म्हणून त्याला येथे नमस्कार करून पुढे जातो.

सरकारी नोकराने असली पुस्तके का वाचावीत, असे कोणी विचारील. वस्तुतः आमच्याइतके लेखन व्यवसायाने लेखक म्हणविणारेही करीत नसतील. टिपण, मसुदा, स्मरणपत्र, स्मरणपत्राचे स्मरणपत्र, शेरा, आणि शेऱ्यावरचा खुलासा असा हा अखंड प्रवाह आहे. पूर्वी तो लाल फितीत बांधलेल्या कागदांतून वाहत होता, आता संगणकाच्या पडद्यावरून वाहतो, पाणी तेच. आणि यात एक भेद आहे. कवीची एखादी ओळ दुर्बोध झाली तर रसिक फार तर पान उलटतो. आमची ओळ दुर्बोध झाली तर कोणाचे तरी धान्य अडते, कोणाचे निवृत्तिवेतन अडते.

हे ज्याने प्रथम ओळखले तो ग्रंथकार आपल्याच देशातला आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली छापून प्रसिद्ध केले, तेव्हा विद्वानांचे लक्ष हेर, दंड आणि दुर्ग यांकडे गेले. आम्हां कारकुनी पेशाच्या माणसांस त्यातला रत्नासारखा भाग म्हणजे दुसऱ्या अधिकरणाचा दहावा अध्याय. विषय राजशासनांच्या लेखनाचा. लेखाचे गुण सहा: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. दोष पाच: अकांती, व्याघात, पुनरुक्त, अपशब्द आणि संप्लव. पत्र कशाकशासाठी लिहिले जाते याचे प्रकार तेरा, आणि त्यांत निंदा, प्रशंसा, पृच्छा यांच्या पंक्तीस सांत्वनही बसविलेले आहे. राज्ययंत्राचा इतका कठोर शिल्पकार. पण सरकारी पत्राने कोणाचे सांत्वनही करावयाचे असते हे तो विसरला नाही.

त्याच्या व्याख्या पाहाव्यात. अर्थक्रम म्हणजे मुख्य गोष्ट आधी सांगणे. ‘उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने, संदर्भाधीन पत्रान्वये’ असा तीन ओळींचा पाट घालून मग वाचकास जेवू घालणाऱ्या आमच्या खात्यांनी ही व्याख्या भिंतीवर लिहून ठेवावी. स्पष्टत्व म्हणजे लोकांच्या ओळखीचे शब्द वापरणे. आणि परिपूर्णतेची व्याख्या तर आम्हांस फारच मोलाची वाटते: अर्थ, पदे आणि अक्षरे ही न्यूनही नसावीत व अधिकही नसावीत. यातला ‘न्यून’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे आहे.

आमच्या मराठीतला उपदेशक म्हटला म्हणजे समर्थ. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. तो केवळ सुलेखनाचा धडा समजून पुष्कळजण ओलांडून जातात. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. पहिले अक्षर जसे निघाले तसेच शेवटचे, म्हणजे सारा ग्रंथ एका टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. तारुण्यात फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही. हा शेवटचा सल्ला चष्म्याचा क्रमांक दर वर्षी वाढणाऱ्या आमच्या वयास किती पटतो हे सांगावयास नको. आणखी एक बारकावा: पानाच्या भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी झीज कडेची होईल, अक्षरास धक्का लागणार नाही. आपण गेल्यावरही कोणी तरी हे वाचणार आहे, ही जाणीव ठेवून कागदाची कड मोजणारा माणूस लेखनाविषयी सारे काही जाणत होता, असे आमचे मत आहे.

आता साहेबांकडे वळू. इंग्रजीत या प्रकारचे पीक उदंड. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक स्ट्रंक यांनी १९१८ साली विद्यार्थ्यांसाठी एक चिमुकले पुस्तक स्वखर्चाने छापले; त्यांचे शिष्य ई. बी. व्हाइट यांनी १९५९ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला आणि ते जगभर गेले. फाजील शब्द गाळावेत, हा त्यांचा महामंत्र. व्हाइट लिहितात की गुरुजींनी आपल्या व्याख्यानातून इतके शब्द गाळले होते की वेळ उरू लागला, म्हणून ते हा नियम वर्गात तीनदा म्हणत! पुस्तक गोड आहे यात शंका नाही. परंतु स्ट्रंक यांची नजर केवळ अधिकावर आहे. न्यूनाची त्यांना फारशी भीती वाटत नाही. विद्यार्थ्यांच्या निबंधात ते खपून जाते.

सर अर्नेस्ट गॉवर्स यांचे तसे नव्हे. ते स्वतः जन्माचे सरकारी नोकर. ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून त्यांनी अधिकाऱ्यांसाठी सोप्या शब्दांचा पुरस्कार करणारे पुस्तक १९४८ मध्ये लिहिले, १९५४ मध्ये ते पुढच्या भागासह एकत्र निघाले. महायुद्धात लंडनच्या नागरी संरक्षणाची धुरा वाहिलेला हा माणूस. बाँबच्या वर्षावात सूचनापत्र कसे लिहावे लागते हे त्याला कोणी शिकवावयास नको होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की लेखणी उचलण्यापूर्वी वाचकाच्या जागी जाऊन बसा. लागतील तितकेच शब्द घ्या, परिचयाचे घ्या, नेमके घ्या. म्हणजे कौटिल्याचेच परिपूर्णता आणि स्पष्टत्व टेम्सकाठी नव्याने उगवले. आमच्या पेटीतील इंग्रजी पुस्तकांत पहिला मान आम्ही यालाच देतो.

जॉर्ज ऑर्वेल यांचा १९४६ सालचा निबंध अधिक प्रसिद्ध आहे. या गृहस्थांचा जन्म १९०३ साली आपल्या बिहारातील मोतिहारीचा, वडील सरकारच्या अफूखात्यात, आणि स्वतः त्यांनी ब्रह्मदेशात पोलीस खात्यात पाच वर्षे काढलेली. सरकारी भाषा माणसाकडून काय काय झाकून घेते हे त्यांनी आतून पाहिले होते. त्यांनी सहा नियम घालून दिले, आणि त्यांत एक असा की कर्तरी चालत असेल तेथे कर्मणी वापरू नये.

येथे मात्र मराठी वाचकाने थबकावे. हा नियम जसाच्या तसा आमच्या भाषेत आणला तर ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य बाद होईल! आमचा सकर्मक भूतकाळ मुळातच कर्मणी; आंब्याऐवजी चिंच खाल्ली तर क्रियापद निमूटपणे चिंचेचे लिंग घेते. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या व्याकरणात या प्रयोगांचा जो खल केला आहे तो वाचला म्हणजे एका भाषेचा पथ्यविचार दुसरीस लागू करणे किती धोक्याचे हे कळते. तथापि ऑर्वेल यांचा राग खोटा नव्हे. तो ज्या गोष्टीवर होता ती मराठीत ‘करण्यात येत आहे’ या रूपाने अवतरली आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ यात राम लपत नाही. ‘अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’ यात मात्र कोणी नामंजूर केला हे ब्रह्मदेवासही कळणार नाही. तेव्हा नियम मराठीत आणावयाचा तर असा आणावा, की प्रयोग कोणताही असो, करणारा दिसला पाहिजे. सहावा नियम घालून ऑर्वेल यांनी पहिले पाच प्रसंगी मोडण्याची मुभा दिलेलीच आहे.

परंतु आम्हां परप्रांतस्थांची खरी अडचण यांतल्या एकाही ग्रंथकाराच्या ध्यानी आलेली नाही. आम्ही दिवसभर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहितो आणि रात्री मराठीत विचार करू म्हणतो. हिंदी ही तर एकाच लिपीची, म्हणून अधिक फसवी. तिची ‘शिक्षा’ शाळेत मिळते, आमची तुरुंगात. तिकडे ‘राजीनामा’ दिला की भांडण मिटते, इकडे नोकरी जाते. ‘चेष्टा’ तिकडे प्रयत्नाची, इकडे थट्टेची. मंडळींत बसून या जोड्या सांगण्यात मौज आहे. एकदा मात्र आम्ही या मौजेची किंमत पाहिली.

आमच्या स्नेह्यांपैकी एक गृहस्थ उत्तरेकडील एका कचेरीत नोकरीस असता अकस्मात वारले. त्यांची पत्नी मुलास घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या गावी गेली. कुटुंब-निवृत्तिवेतनाचे कागद पाठविले होते. काही महिन्यांनी दिवाळीच्या सुमारास वहिनींचे आमच्या घरी पत्र आले. खुशाली विचारली होती, आणि अखेरीस एक ओळ होती: ‘त्यांच्या कचेरीवरची आपत्ती टळली का?’

आम्हांस काही बोध होईना. उलट टपाली विचारले, तेव्हा त्यांनी कचेरीचे मूळ पत्रच पाठवून दिले. ते हिंदीत होते. दाव्याची तपासणी झाली असून अमुक नियमान्वये या कार्यालयास ‘आपत्ति’ आहे, तिचे निराकरण होईपर्यंत प्रकरण प्रलंबित राहील, एवढाच त्यातला मजकूर. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. वहिनींना देवनागरी वाचता येत होती आणि मराठी उत्तम येत होती. त्यांनी वाचले ते असे, की कचेरीवर काही संकट कोसळले आहे, ते निवारले की काम होईल. आग लागली असेल, पूर आला असेल. अशा वेळी आपल्या पैशाची गोष्ट काढणे बरे दिसत नाही, म्हणून त्या माउलीने सात महिने कोणास विचारले नाही. घरात मिळवते कोणी नव्हते.

ते पत्र आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. व्याकरण निर्दोष होते. एकही शब्द फाजील नव्हता. प्राध्यापक स्ट्रंक यांनी त्यावर समाधानाने सही केली असती. हरकत कोणती, एवढेच त्यात नव्हते. ती नियमाच्या क्रमांकात होती, आणि नियमांचे पुस्तक त्या खेड्यात कोठून असणार? चौकशी केली तेव्हा कळले की सेवापुस्तकात वहिनींचे लग्नानंतरचे नाव आणि बँकेच्या कागदांत माहेरचे, एवढाच फरक होता. ज्या समाजात मुलगी सासरी येताना तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिले जाते, तेथे ही हरकत घरोघर निघेल.

आम्ही उत्तर लिहावयास बसलो. मजकूर सोपा होता: कचेरीस काही झालेले नाही, सर्व सुखरूप आहे, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असा दाखला तहसीलदारांकडून घ्यावा आणि मूळ प्रत या पत्त्यावर पाठवावी, नक्कल आपल्यापाशी ठेवावी. मुख्य गोष्ट आधी आली, ओळखीचे शब्द आले, आणि गॉवर्ससाहेबांच्या आज्ञेप्रमाणे वाचकाच्या जागी जाऊन बसणेही अवघड नव्हते. अडले ते पहिल्या ओळीपाशी. कौटिल्य सांगतो की पत्रात ज्याचे त्याचे नाव आणि उपचार यथायोग्य असावेत. रूढीप्रमाणे मायना ‘गं. भा.’ असा हवा. आमच्या आजोबांनी दुसरा लिहिला नसता. पण वर्षही न उलटलेल्या दुःखाला टपालाने त्याचे नाव कळविण्याची काय गरज? ‘श्रीमती’ लिहिले तर ते कचेरीचे पत्र वाटते, आणि कचेरीच्या पत्राने त्या आधीच दुखावलेल्या. शेवटी नुसते ‘वहिनींस सा. न. वि. वि.’ असे लिहून आम्ही मोकळे झालो. दाखला पोचला, चार महिन्यांनी पैसे सुरू झाले.

मायन्यांचे हे शास्त्र आता कोठे लिहिलेले आढळत नाही. हेमाडपंतांच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकात कोणास कसे लिहावे याचे संकेत होते असे म्हणतात. पुढे ते शाळेच्या पुस्तकांत उतरले, तीर्थरूप आणि चिरंजीव यांच्यापुरते शिल्लक राहिले, आणि आता दूरध्वनीने तेही संपत आले. मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या कार्डावर ‘श्री’ लिहीत नसत आणि त्याचा कोपरा फाडीत, म्हणजे घेणाऱ्याच्या मनाची तयारी मजकुरापूर्वीच होई. एक शब्दही न लिहिता वाचकाची इतकी काळजी घेणारा नियम आम्हांस वरीलपैकी कोणत्याच ग्रंथात मिळाला नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी वाडवडिलांच्या पत्रांची गाठोडी असतील. ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर, तंजावर येथील जुन्या घराण्यांत तर निश्चित असतील. त्यांतील मायने आणि अखेरचे लोभाचे चार शब्द उतरवून कोणी संपादकांकडे धाडतील, तर ते येथे क्रमाने छापता येतील. पत्रांतला खाजगी मजकूर पाठविण्याचे कारण नाही. कोणी कोणास, कोणत्या प्रसंगी लिहिले, एवढे मात्र प्रत्येक मायन्याखाली अवश्य नोंदवावे.