पाडवा ते दसरा

दादाचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याची दवाखान्याची पिशवी जमिनीवर ओतली. चार वर्षांत ती फुगून शिवणीत उसवली होती. शाळेत उत्तरपत्रिका लावते तसे सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. एन्डोस्कोपीचे तीन, रक्ताचे एकोणीस, औषधांच्या चिठ्ठ्या मोजल्याच नाहीत. सोनोग्राफीचे मात्र दोनच. पहिला सिरोसिस असल्याचं कळलं तेव्हाचा, दुसरा भूक मेली आणि उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तेव्हाचा. दोन्हींच्या मध्ये 26 महिने. दुसऱ्या रिपोर्टात नऊ सेंटीमीटरची गाठ होती आणि ती यकृतात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत शिरली होती.

तो जायचा त्या दवाखान्यातले डॉक्टर वाईट नव्हते. दर वेळी तपासून म्हणायचे, “छान चाललंय, गोळ्या चालू ठेवा.” आणि दादाला खरोखरच काही होत नव्हतं. घात तिथेच झाला. यकृताचा कॅन्सर लहान असतो तेव्हा दुखत नाही, खुपत नाही. त्रास नसतानाच तो शोधावा लागतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारावं हे आम्हाला सुचलं नाही. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ही 2016 ची गोष्ट. दादाला हिपॅटायटिस बी होता, म्हणून आम्हा भावंडांचंही रक्त तपासलं. हा विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाला जातो, आणि आम्ही जन्मलो तेव्हा त्याची लसच निघालेली नव्हती. धाकटा सुटला. मी सापडले, तेही थेट सिरोसिससकट. जन्मात दारूला हात न लावलेल्या बाईला सिरोसिस कसा, हे नातेवाइकांना पटवताना मी थकून गेले. शेवटी पटवणं सोडून दिलं.

यकृताच्या डॉक्टरांनी मात्र पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं. रोजची गोळी विषाणूला दाबून ठेवेल, धोका कमी करेल, पण एकदा व्रण पडलेल्या यकृतात गाठ होण्याची भीती संपत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी नावाची रक्ततपासणी, जन्मभर. सहाच महिने का, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, अशी गाठ साधारण चार-सहा महिन्यांत दुपटीने वाढते. वर्षभर थांबलं तर हातची वेळ निघून जाते.

तारीख विसरू नये म्हणून मी ती सणांना बांधली. एक पाडव्याच्या आठवड्यात, एक दसऱ्याच्या. घरातल्या सगळ्यांना पाठ झालं. पुरणाची डाळ आणायची यादी निघाली की मुलगा विचारायचा, “आई, सोनोग्राफीची वेळ घेतलीस का?”

पण नुसती तारीख पाळून भागत नाही, हेही लवकरच कळलं. एका गर्दीच्या सेंटरवर माझी तपासणी तीन मिनिटांत उरकली. गाठ नाही, म्हणून मी निश्चिंत. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: यकृताचा वरचा भाग नीट दिसला नाही. “जे दिसलंच नाही, तिथे गाठ नाही असं कसं म्हणायचं?” त्यांनी पुन्हा पाठवलं. या वेळी सकाळी, रात्रीपासून उपाशी. सोनोग्राफीच्या बाईंनी मला डाव्या कुशीवर वळवलं, थंडगार जेल लावलं आणि प्रोब फासळ्यांच्या खाचेत तिरकं दाबून धरलं. “श्वास घ्या, धरून ठेवा... सोडा.” वीस मिनिटं हेच चाललं. तेव्हापासून मी टेबलावर आडवी होण्याआधीच सांगते, मला सिरोसिस आहे, गाठीसाठी बघायचंय. बघणाऱ्याचा हात आपोआप सावकाश होतो.

2023 मध्ये अधिक श्रावण आला. पाडवा 22 मार्चला आणि दसरा थेट 24 ऑक्टोबरला, म्हणजे सात महिने. मी कालनिर्णयवर बोटांनी महिने मोजले आणि दसऱ्याची वाट न बघता सप्टेंबरात गेले. एएफपी नॉर्मल होती. सोनोग्राफीत 1.9 सेंटीमीटरची गाठ दिसली.

ट्रिपल फेज सीटीत तिची ओळख पटली, सुई घालून तुकडा काढावा लागला नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी पोटावरून सुई घालून ती जाळली. दोन दिवसांत मी घरी आले. दादाच्या वेळी हा पर्याय कुणी उच्चारलासुद्धा नव्हता, कारण तोवर वेळच उरलेली नव्हती.

सोनोग्राफी अचूक आहे असं मी म्हणणार नाही. 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा लवकरच्या अवस्थेतल्या शंभर गाठींपैकी नुसत्या सोनोग्राफीने 45 सापडतात आणि एएफपीची जोड दिली की 63, असं दिसलं. म्हणून दोन्ही करायच्या, आणि चरबीमुळे किंवा गॅसमुळे यकृत नीट दिसत नसेल तर सीटी किंवा एमआरआयबद्दल स्पष्ट विचारायचं. पण माझं ठाम मत आहे की आपल्याकडची मोठी गळती यंत्रात नाही, तारखेत आहे. लहान बाळाच्या लसीचं कार्ड असतं, त्यावर पुढची तारीख लिहून देतात. सिरोसिसच्या पेशंटला असं कार्ड का मिळू नये? तारीख उलटली की दवाखान्यातून एक फोन का येऊ नये?

तोवर हे काम घरच्यांनाच करायचंय. तुमच्या घरात कुणाला सिरोसिस असेल, मग तो दारूने, काविळीच्या विषाणूने किंवा मधुमेह आणि चरबीने झालेला असो, तर आज त्यांची फाइल काढा. हिपॅटायटिस सी बरा झाला असला, तरी सिरोसिस असेल तर काढा. शेवटच्या सोनोग्राफीची तारीख बघा. सहा महिने उलटून गेले असतील तर उद्याची वेळ घ्या.