हायसेटचा नॉब

आंधळगाव म्हटलं की लोकांना कोसा आठवतो. मला आठवतात त्या बाजूच्या उन्हाळी धानाच्या बांध्या, आणि एका ३३/११ केव्ही उपकेंद्रातल्या रिलेचा नॉब. तो मी फिरवला होता.

त्या उपकेंद्राच्या एका फीडरवर कृषिपंप भरपूर, आणि जवळजवळ प्रत्येक पंपाला ऑटोस्विच. लाइन आली की साऱ्या मोटारी एकदमच उठायच्या. सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. तेवढ्यानं ब्रेकर सुटायचा. फीडरचे भाग पाडून टप्प्याटप्प्यानं लोड घ्यायचं आणि गावोगाव फिरून ऑटोस्विच काढायला लावायचे, हा खरा इलाज मला ठाऊक होता. त्याला पंधरा दिवस लागले असते. मी रिलेचा हायसेट, म्हणजे मोठा करंट दिसताच ब्रेकर लगेच सोडणारी सेटिंग, बंद केला, ब्रेकर किती उशिरानं सुटायचा ते ठरवणारा टाइम डायल ०.१ वरून ०.३ वर नेला आणि कुठंही नोंद केली नाही. फीडर टिकू लागला. लोक खूश झाले, मीही झालो.

एप्रिलमधल्या एका रात्री वादळ आलं. ऑपरेटरचा फोन आला, "साहेब, लाइन सुटली जी." मी म्हटलं, "एक ट्राय घे." पुन्हा सुटली. दुसरा ट्राय घ्यायला लावला. तेव्हा तो म्हणाला, "साहेब, ट्रान्सफॉर्मरचा आवाज येगळाच आला जी." हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. तरी म्हणालो, "आणखी एकदा बघ."

तिसऱ्या ट्रायला, ट्रान्सफॉर्मरच्या आतला बिघाड ओळखणाऱ्या बुखोल्झ रिलेनं ट्रान्सफॉर्मरच बाहेर काढला.

सकाळी पाहिलं तर उपकेंद्रापासून तिसऱ्या खांबाजवळ फांदी पडून दोन तारा एकमेकींत गुंतल्या होत्या. त्यातली एक तुटून बांधीत पडली असती आणि रात्री कुणी पाणी वळवायला उतरलं असतं, तर? लाइन न तपासता मी ती तीनदा चालू करायला लावली होती. त्या रात्री तिथं कुणी नव्हतं, एवढंच.

हिशेब मी नंतर केला. तो आधी करायचा असतो. ट्रान्सफॉर्मर ५ एमव्हीएचा, ११ केव्हीकडे पूर्ण लोडचा करंट २६२ अँपिअर. नेमप्लेटवर इम्पिडन्स ७.१५ टक्के, म्हणजे दारातच फॉल्ट झाला तर करंट चौदा पटींपर्यंत, साडेतीन हजारांवर जातो. मागच्या लाइनचा इम्पिडन्स धरून दहा पट म्हणा. कॉइलवरचं बळ करंटच्या वर्गानं वाढतं: दहा पटीला शंभर पट. हायसेट चालू असता तर ब्रेकर दशांश सेकंदात सुटला असता. माझ्या सेटिंगवर दर वेळी पाऊण सेकंद लागला. तो मार ट्रान्सफॉर्मरनं चार वेळा खाल्ला.

टाकी उघडली तेव्हा मी तिथंच उभा होतो. एका फेजची कॉइल जागेवरून सरकलेली, प्रेसबोर्डच्या पट्ट्या निसटून तळाशी पडलेल्या, तेलाला जळका वास. दुसरा ट्रान्सफॉर्मर येऊन चार्ज व्हायला एकोणीस दिवस लागले. धान निसवायला आला होता. शेजारच्या उपकेंद्रातून पाळीपाळीनं मिळालेली वीज शेवटच्या टोकाला पोचलीच नाही. तिथल्या बांध्यांना भेगा पडल्या, लोंब्या पोचट निघाल्या. एक म्हातारे शेतकरी मला मूठभर लोंब्या दाखवायला आले. काही बोलले नाहीत.

अहवालात मी कारण लिहिलं, 'वादळ'. सही माझीच. नॉब पूर्वीच्या जागी नेला आणि तेही कुणाला सांगितलं नाही. ऑपरेटर गप्प राहिला; त्याला गप्प राहावं लागलं, हे मला आज जास्त लागतं.

पुढं बदली होईपर्यंत त्या फीडरच्या गावांत संध्याकाळी जाऊन ऑटोस्विच काढून घेत राहिलो. कॅपॅसिटर बसवायला सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी नाही.

तुमच्या पंपाला अजून ऑटोस्विच असेल, तर तेवढा काढून टाका. आणि रिलेच्या पॅनलसमोर उभे असाल, तर सेटिंग बदलण्याआधी जुना आकडा, तारीख आणि कारण लिहून खाली सही करा.