भाकरीचें तबक

सेवानिवृत्त मुख्याध्यापकाला दोन संवयी जन्मभर सोडीत नाहींत. कोठेंही घंटा वाजली कीं त्याची नजर आपोआप घड्याळाकडे जाते. आणि आपण खोलींत शिरलों कीं इतरांचें बोलणें थांबलें पाहिजे, असें त्याला उगाचच वाटतें. पहिली संवय निरुपद्रवी आहे. दुसरी मात्र घरांतलीं नातवंडें फार लवकर मोडून काढतात. माझी ती संवय मोडण्याचा पहिला मान नातवंडांचा नव्हे. तो आमच्या शाळेच्या एका शिपायाचा आहे, आणि त्यांची हकीगत सांगण्यासाठींच आज लेखणी हातीं घेतली आहे.

माझा जन्म नागपुरांतल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांतला, आणि नोकरीही एका ख्रिस्ती शाळेंतली. शाळा ख्रिस्ती म्हणावयाची, परंतु वर्गांत ख्रिस्ती मुलें दोनचारच. बाकीचीं हिंदु, बौद्ध, मुसलमान अशीं सर्व घरांतलीं. त्यामुळें माझे महालांतले एक स्नेही मला नेहमीं विचारीत, "तुमच्या शाळेंत ख्रिस्ती असें आहे तरी काय?" मी उत्तर देई कीं, आमच्याकडे सकाळची प्रार्थना असते, नाताळचा कार्यक्रम असतो आणि शिस्त चांगली असते. यावर ते हंसून म्हणत, "प्रार्थना आमच्याही शाळेंत असते, आणि शिस्त तर पलटणींतही असते." त्यांच्या हंसण्याचा मला राग येई. आज वाटतें कीं, त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि माझें उत्तर चुकीचें होतें.

नागपुरांतल्या ख्रिस्ती शिक्षणाचा आरंभ स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून होतो. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं येथें आला. तेव्हां नागपुरावर भोसल्यांचें राज्य होतें. पुढच्याच वर्षीं त्यानें शाळा काढली. त्याच्या नांवाचें महाविद्यालय १८८३ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं निघालें. शाळामास्तर म्हणून हिस्लॉप कसा होता हें सांगणारीं माणसें आतां कोठून मिळणार? परंतु त्याच्याविषयींची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जो माणूस शिकविण्यासाठीं हजारों कोस समुद्र ओलांडून आला, तो येथें येऊन शिकत बसला. नागपूरच्या आसपासच्या खडकांतले जीवाश्म त्यानें व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यानें गोळा केले. एका खनिजाला 'हिस्लोपाइट' हें नांव त्याच्यावरूनच पडलें. गोंडांच्या भाषेंतले शब्द आणि त्यांच्या लिंगोची गीतकथा त्यानें ऐकून टिपून ठेविली. ज्यांना त्या काळीं कोणी अक्षरशत्रु म्हणून हिणवीत असेल, त्यांच्यासमोर हा मास्तर पाटी घेऊन विद्यार्थ्यासारखा बसला होता. टाकळघाटचीं शिलावर्तुळें पाहून परत बोरीकडे येतांना ४ सप्टेंबर १८६३ रोजीं पुराच्या ओढ्यांत बुडून त्याचा अंत झाला. वयाचें शेहेचाळिसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. त्याचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनी १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं, म्हणून तीं वांचलीं.

ही झाली उजळ बाजू. दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. अलेक्झांडर डफ यांनी १८३० मध्यें कलकत्त्यास जी शिक्षणपद्धति सुरू केली, तिचाच कित्ता हिस्लॉपच्या पिढीनें गिरविला. आणि इंग्रजी विद्येच्या वाटेनें मुलें शेवटीं ख्रिस्ताकडे येतील ही आशा त्या मंडळींनीं कधीं लपविली नाहीं. पुढें १९५४ सालीं त्या वेळच्या मध्यप्रदेश सरकारनें भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यास समिति नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्यें निघाला. तेव्हां नागपूर हीच त्या प्रांताची राजधानी होती. शाळा हें धर्मांतराचें आमिष आहे, हा आरोप आमच्या घराच्या ओसरीवर मी लहानपणीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांचे आवाज दुखावलेले असत. मला आज असें वाटतें कीं, या आरोपाला वादानें उत्तर देतां येत नाहीं. मुलाला कांहीं देतांना त्याच्याकडून कांहीं मिळविण्याचा हिशेब जर शिक्षकाच्या मनांत असेल, तर तो हिशेब धर्माचा असो, निकालाच्या टक्क्यांचा असो वा शाळेच्या लौकिकाचा असो, मुलाला त्याचा वास येतोच.

याच नागपुराहून राजनांदगांवला जातांना १८९३ सालीं आगगाडींत एका युरोपियन प्रवाशानें नारायण वामन टिळकांच्या हातीं नवा करार दिला, हें 'स्मृतिचित्रें' वाचलेल्या वाचकांस सांगावयास नकोच. १८९५ मध्यें टिळक ख्रिस्ती झाले. पुढें अहमदनगरास राहून त्यांनीं मिशनचें काम केलें. परंतु १९१७ सालीं मिशनची पगारी चाकरी सोडून ते 'देवाच्या दरबारा'च्या मार्गास लागले. दोनच वर्षांनीं ते वारले. ख्रिस्ती पुढारीपण म्हणजे कचेरी, पगार आणि हुद्दा नव्हे, असें त्यांनीं लिहून ठेविलें असतें तर आम्हीं तें वाचून विसरलों असतों. त्यांनीं तें करून दाखविलें म्हणून अडचण होते.

हीं सगळीं नांवें मला तरुणपणीं तोंडपाठ होतीं. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी नागपुरांत स्थापन झाली, तेव्हां पंचवीस वर्षांचा मी त्या गर्दींत उभा होतों. पुढारी हा सेवक असतो, प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले, हें ऐकून माझें मन भरून आलें होतें. ऐकून मन भरून येणें फार सोपें असतें.

१९८६ सालीं मी मुख्याध्यापक झालों. वय एकेचाळीस, अंगांत उमेद आणि कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला. आमच्या शाळेंत घंटा वाजविणारे एक वयस्क शिपाई होते. सारी शाळा त्यांना 'काका' म्हणे, मीही म्हणत असें. हेच काका आमच्या मंडळींत वडील होते. आमची मंडळी स्कॉटिश वळणाची; तेथें प्रभुभोजनाच्या वेळीं पाळकसाहेब भाकर मोडून वडिलांच्या हातीं तबक देतात, आणि वडील तें बांकाबांकावर नेतात. म्हणजे सोमवार ते शनिवार मी खोलींत शिरलों कीं काका उठून उभे राहत. आणि रविवारीं मी बसलेला असतांना काका माझ्यासमोर भाकर धरीत. या दोन दृश्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे, असें मला कधीं वाटलें नव्हतें.

त्या वर्षींच्या पावसाळ्यांत प्रयोगशाळेंतलें सूक्ष्मदर्शकाचें एक भिंग हरवलें. आदल्या संध्याकाळीं शेवटीं तेथें दिसलेला मुलगा नववींतला होता. बाप पाचपावलींत मागावर विणकाम करणारा. मुलगा अबोल, विचारलें तर खालीं पाही. खालीं पाहणें म्हणजे अपराधाची कबुली, असें मी ठरविलें. शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर साऱ्या शाळेसमोर मीं त्याला उभें केलें आणि म्हणालों, "भिंग आणून देईपर्यंत वर्गांत बसावयाचें नाहीं." नुकतीच आमची प्रार्थना संपली होती, हें मुद्दाम नमूद करितों.

दुपारीं काका माझ्या खोलीच्या दारांत आले. "साहेब, तो पोरगा त्या दिवशीं पांच वाजेपर्यंत माझ्यासोबत बाकडे उचलत होता. मंग घरीच गेला. त्याला एकदा विचारून तं पाहा."

मीं मान वर केली नाहीं. "काका, तुम्ही घंटेचें बघा. शाळेचें मी बघतों."

ते "हो साहेब" म्हणून निघून गेले. दोन मिनिटांनीं मधल्या सुटीची घंटा झाली, नेहमींसारखीच, वेळेवर.

रविवारीं प्रभुभोजन होतें. पाळकसाहेबांचें प्रवचन मला आठवत नाहीं. माझ्या मनांत शाळेचा मंगळवारचा पालकमेळावा घोळत होता. काका तबक घेऊन आमच्या बांकापाशीं आले. हात तेच, घंटेच्या दोरानें घट्टे पडलेले. त्यांनी तबक माझ्यासमोर धरलें आणि थांबले. मुद्दाम नव्हे, प्रत्येकासमोर थांबतात तितकेच. परंतु वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं भावाशीं समेट करावयास जा, ही मत्तयाच्या शुभवर्तमानांतली आज्ञा मला त्या क्षणीं अशी आठवली कीं हात पुढें होईना. मीं भाकर न घेतां तबक शेजाऱ्याकडे सरकविलें. पत्नीनें चमकून माझ्याकडे पाहिलें. काकांनीं पाहिलें नाहीं. ते पुढच्या बांकाकडे गेले.

उपासना संपल्यावर मीं त्यांना पायरीवर गांठलें. "काका, परवां मी तुमच्याशीं वाईट बोललों. मला क्षमा करा." हें वाक्य उच्चारण्यास मला जितका वेळ लागला, तितका मुख्याध्यापकपदाची मुलाखत देतांनाही लागला नव्हता.

काका म्हणाले, "माझं काही नाही साहेब. मी तं विसरूनही गेलो. त्या पोराचं पाहा."

माझी अशी समजूत होती कीं, काकांची क्षमा मिळाली म्हणजे प्रकरण मिटलें. त्यांनीं एका वाक्यांत तें मुळापर्यंत नेऊन ठेविलें. दुखावलेला भाऊ ते नव्हतेच. तो पाचपावलींत होता.

सोमवारीं प्रार्थनेनंतर मीं शाळेसमोर सांगितलें कीं, शुक्रवारीं मीं एका मुलाला त्याचें म्हणणें न ऐकतां दोषी ठरविलें, ही माझी चूक झाली. माझे एक ज्येष्ठ सहकारी नंतर म्हणाले, "सर, तुम्ही गादीची किंमत घालविली. उद्यां मुलें ऐकणार नाहींत." मुलें पुढेंही ऐकत राहिलीं. परंतु हें यश म्हणून मी सांगत नाहीं. कारण ज्याची क्षमा मागितली तो त्या रांगेंत नव्हता. शुक्रवारपासून तो शाळेंतच आला नव्हता.

संध्याकाळीं मी त्याच्या घरीं गेलों. अर्धी खोली मागानें व्यापलेली. बापानें माग थांबवून मला बसावयास पाट दिला. मुलगा भिंतीशीं उभा. याही वेळीं खालींच पाहत. मी बोललों, क्षमा मागितली, परत ये म्हणालों. बाप म्हणाला, "तुम्ही घरी आले, तेच लई झालं सर. पण पोरगा नाही म्हणते. मी काय करू?" त्या घरांत मुलाच्या 'नाहीं' या शब्दाला किंमत होती. माझ्या शाळेंत ती नव्हती.

मुलानें दुसऱ्या शाळेंत नांव घातलें. दाखला मीच सही करून दिला. भिंग पुढच्या आठवड्यांत सांपडलें. एका शिक्षकांनीं तें पुसून कपाटाच्या वरच्या खणांत ठेविलें होतें आणि सांगावयाचें राहून गेलें होतें. भिंग सांपडलें याचा मला आनंद झाला नाहीं. तें कधींच सांपडलें नसतें, किंवा त्या मुलाकडेच सांपडलें असतें, तरी त्याचें म्हणणें ऐकून घेण्याचें माझें कर्तव्य तितकेंच राहिलें असतें.

पुढें बरींच वर्षें मी त्या खुर्चीवर होतों. त्या दिवसानंतर मी देवमाणूस झालों असें कोणी समजूं नये. रागावलों, चुकलों, क्वचित् पुन्हां गर्जलोंही. एक नियम मात्र मीं पाळला. कोणत्याही मुलाला शिक्षा करण्यापूर्वीं एकट्याला बोलावून, समोर बसवून, त्याचें ऐकावयाचें. आणि काकांना विचारावयाचें. कोण मुलगा उपाशी येतो, कोणाच्या घरीं भांडण आहे, कोण कोणाला छळतो, हें काकांना माझ्या सर्व नोंदवह्यांपेक्षां अधिक ठाऊक असे. हिस्लॉप गोंडांसमोर पाटी घेऊन बसला याचें मी व्याख्यानांतून कौतुक करीत असें. माझा गोंड माझ्याच दारांत स्टुलावर बसलेला होता.

महालांतल्या माझ्या स्नेह्यांना त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मीं फार उशिरां दिलें. मी म्हणालों, "शाळेंत ख्रिस्ती असें कांहीं असेल, तर तें प्रार्थनेच्या तासांत नसतें. ज्याच्या हातीं छडी आहे तो स्वतःच्या चुकीचें काय करतो, त्यांत असतें." ते या वेळीं हंसले नाहींत. थोड्या वेळानें म्हणाले, "मग तें आमच्या शाळेंतही असूं शकतें." मी म्हणालों, "असूं शकतें. आणि आमच्या शाळेंत नसूंही शकतें." इतक्या वर्षांच्या वादांत आमचें एकमत झालें तें हें.

काकांना जाऊन आतां बरीच वर्षें झालीं. त्यांच्या मागें मंडळीनें मला वडील निवडलें. महिन्याच्या पहिल्या रविवारीं आतां मी तबक फिरवितों. हात थोडे कांपतात. एकादे वेळीं कोणी भाकर न घेतां तबक शेजाऱ्याकडे सरकवितो. मी त्याच्याकडे पाहत नाहीं. पुढच्या बांकाकडे जातों.