लाकूडफोड्याचा सिलिंडर

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन या राज्यांत, आजही बरीच घरं हिवाळाभर लाकडं जाळून उबदार ठेवली जातात. आपल्याकडे सरपण म्हटलं की गावची चूल, आंघोळीचा बंब आणि कोपऱ्यावरची लाकडाची वखार आठवते. इथे सरपण 'कॉर्ड'मध्ये मोजतात. ४ फूट उंच, ४ फूट रुंद, ८ फूट लांब रचलेली थप्पी म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट.

आमचे न्यू हॅम्पशायरमधले शेजारी पंचाहत्तरीचे आहेत. (आम्ही घरात त्यांना 'काका' म्हणतो. त्यांना हे माहीत नाही. :) ) त्यांना एका हिवाळ्याला चार कॉर्ड लागतात. गोम अशी की ताजं तोडलेलं लाकूड जाळून उपयोग नसतो. त्यातल्या पाण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या खाली यावं लागतं. ओलं जाळलं तर बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते, आणि धुरातलं डांबरासारखं क्रिओसोट धुराड्याच्या आत थराथरांनी साचत राहतं. एखाद्या रात्री तेच पेट घेतं. म्हणजे प्रश्न नुसत्या उबेचा नाही, घराचाही आहे. अख्खा ओंडका सालीमुळे वाळता वाळत नाही, फोडला की वाळतो. मेपल, बर्चला एक अख्खा उन्हाळा तरी लागतो, ओकला त्याहूनही जास्त. म्हणजे जानेवारीची थंडी ठरते मे महिन्यात.

आणि नेमक्या मे महिन्यात, तीन कॉर्ड मेपल अंगणात पडलेलं असताना, काकांचा लॉग स्प्लिटर रुसला.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: एक जाड लोखंडी तुळई, तिच्या एका टोकाला आडवी भक्कम पाटी, दुसऱ्या टोकाला हायड्रॉलिक सिलिंडर. सिलिंडरच्या दांड्याला पोलादी पाचर. मध्ये ओंडका ठेवायचा, लिव्हर ढकलायचा, पाचर पुढे येते आणि ओंडक्याचे दोन तुकडे. बाकी सामान म्हणजे छोटं पेट्रोल इंजिन, तेलाचा पंप, टाकी आणि लिव्हरखालचा व्हॉल्व्ह. आपल्याकडे जेसीबीचा हात किंवा टिपरचं हौद उचलणं ज्याने होतं, तोच हा सिलिंडर, फक्त आडवा निजवलेला.

लक्षण असं होतं की पाचर रिकामी छान पुढे जायची, बारीक लाकूड फोडायची, पण जरा गाठीचा ओंडका आला की तिथेच थबकायची. इंजिन मात्र मजेत चालू. काकांचं निदान तयार होतं, "पंप गेला." ते पंपाची ऑर्डर द्यायच्याच बेतात होते. मी म्हटलं, थांबा, आधी तपासून बघू. कोडमध्ये बग कुठे आहे हे न बघता सर्व्हर बदलण्यातला प्रकार झाला हा.

जोर न येण्याची मुख्य कारणं तीन. पंप झिजलाय, व्हॉल्व्हमधला रिलीफ कमी दाबालाच उघडतोय, किंवा सिलिंडरच्या आत पिस्टनचं सील गेलंय आणि तेल पिस्टनला वळसा घालून पलीकडे पळतंय. तिसरं कारण तपासायला फार काही लागत नाही. दांडा पूर्ण बाहेर काढायचा, म्हणजे पिस्टन टोकाला टेकतो. इंजिन बंद. लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून अडकलेला दाब मोकळा करायचा. मग दांड्याच्या बाजूचा होज सोडून त्याच्या तोंडाला टोपण लावायचं आणि सिलिंडरचं भोक उघडं ठेवून खाली बादली. आता इंजिन सुरू करून, बाजूला उभं राहून, लिव्हर पुढे. सील धड असेल तर भोकातून चार थेंब येऊन थांबतील. आमच्याकडे नळ सोडल्यासारखी धार लागली. पंप निर्दोष सुटला!

आता सील बदलायचं की सिलिंडर? सीलचा संच वीस-तीस डॉलरला येतो, नवा सिलिंडर दोन-अडीचशेच्या घरात. पण दांड्यावर बोट फिरवलं तर क्रोमवर लांबच लांब ओरखडे लागत होते, आणि पट्टी टेकवून बघितलं तर दांडा किंचित वाकलेलाही होता. वर्षानुवर्षं तिरके कापलेले ओंडके फोडले की असं होतं. जोर सरळ न जाता बाजूला जातो. अशा दांड्यावर नवं सील घातलं तर ते फार दिवस टिकणार नाही. म्हणून सिलिंडरच.

इथे थोडा इतिहास. बंद भांड्यातल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवलं होतं. आपण सगळ्यांनी ते दहावी-बारावीला घोकलेलं आहे. पण हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये घेतलं ते १७९५ साली. दाब निर्माण करणं तितकं कठीण नव्हतं, पण हलणाऱ्या दांड्याच्या कडेने पाणी गळू न देणं महाकठीण. त्यावर उपाय निघाला कातड्याच्या वाटीसारख्या कडीचा, आणि त्याचं श्रेय सहसा ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्सलेला देतात. दाब वाढला की वाटीची कड फाकते आणि भिंतीला अधिकच घट्ट चिकटते. म्हणजे गळू पाहणारं पाणी स्वतःच स्वतःची वाट बंद करतं. आज कातड्याच्या जागी पॉलियुरेथेन आलंय, युक्ती तीच. लोखंडाच्या त्या अख्ख्या धुडाची ताकद हातात मावणाऱ्या एका कडीवर उभी असते, आणि ती गेली की इंजिन कितीही धडधडो, लाकूड फुटत नाही.

नवा सिलिंडर घेताना काकांना हुक्की आली. "चार इंची ऐवजी पाच इंची घालू या, जोर वाढेल!" मोह योग्यच आहे. ४ इंच व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ १२.५७ चौरस इंच. दर चौरस इंचाला २,५०० पौंड दाब धरला तर जोर साधारण ३१,४०० पौंड, म्हणजे २,००० पौंडांच्या अमेरिकन टनात १५.७ टन. पाच इंचीला क्षेत्रफळ १९.६३, जोर २४.५ टन. (जाता जाता: यंत्रावर लिहिलेला टनांचा आकडा असा स्वतः गुणाकार करून तपासावा. कधी कधी करमणूक होते.)

पण पंप तोच, मिनिटाला ११ गॅलन देणारा. २४ इंच स्ट्रोकचा चार इंची सिलिंडर पुढे जाताना १.३ गॅलन तेल पितो, म्हणजे ७ सेकंद. परत येताना २ इंची दांड्याने जागा व्यापलेली असते, म्हणून ५ सेकंदांच्या आसपास. जाऊन-येऊन साडेबारा सेकंद. पाच इंचीला हेच साडेवीस सेकंद लागतात. शिवाय तुळई, पाटी आणि त्यांचं वेल्डिंग जुन्या जोराच्या हिशोबाने केलेलं. जास्तीचा नऊ टन त्यांनी कुठे घ्यायचा? कागदावर मांडून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "राहू दे. माझ्याकडे वेळही कमी आहे आणि वेल्डिंगही जुनं आहे." स्वतःबद्दल बोलत होते की यंत्राबद्दल, कळलं नाही.

मग मापं घेतली. आतला व्यास, स्ट्रोक, दांड्याची जाडी, दांडा पूर्ण आत असताना एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंतची लांबी, पिनची जाडी, आणि होज जोडायच्या भोकांचे आटे. यात स्ट्रोक आणि लांबी सगळ्यात महत्त्वाची. पाचर पाटीच्या जरा अलीकडे थांबली पाहिजे. सिलिंडर लांब निघाला तर ती सगळा जोर पाटीवरच काढेल. आट्यांचंही तसंच: निमुळते आटे आणि रबरी रिंगवाले सरळ आटे दिसायला भाऊ-भाऊ, पण एकमेकांत बसवायचे नाहीत.

प्रत्यक्ष बदलणं शनिवारच्या एका दुपारचं काम. स्पार्क प्लगची वायर काढली, दाब मोकळा केला, होजना खुणेच्या चिकटपट्ट्या लावल्या, पिना ठोकून काढल्या. सिलिंडर पंचवीस-तीस किलोचा, दोघांनी मिळून उतरवला. निमुळत्या आट्यांना टेफ्लॉन टेप न लावता पातळ सीलंट लावलं, कारण टेपचा तुकडा सुटला तर थेट व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

एका बाबतीत मात्र मी काकांशी चक्क भांडलो. नवे जोड गळतायत का बघायला ते बोट फिरवणार होते. कृपया हे कधीही, कोणीही करू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघणारी या दाबाची धार डोळ्यांना दिसत नाही, आणि कातडी भेदून तेल आत शिरतं. वर दिसतो फक्त एक ठिपका, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत बोट सडायला लागलेलं असतं. असं झालं तर दुखायची वाट न बघता तडक इस्पितळ गाठायचं आणि 'तेल दाबाने आत गेलंय' हे शब्द सांगायचे; ही तातडीच्या शस्त्रक्रियेची केस असते. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा. पुठ्ठा ओला झाला की कळलं. काका पुटपुटत पुठ्ठा घेऊन आले.

शेवटी हवा काढणं. नवा सिलिंडर रिकामा असतो, त्यामुळे टाकीतलं तेल झपकन उतरतं. तेल भरायचं, लाकूड न ठेवता पाचर सात-आठ वेळा हळू पुढे-मागे न्यायची, पुन्हा भरायचं. पातळी बघायची ती दांडा पूर्ण आत असताना. दांडा बाहेर असताना काठोकाठ भरलं तर तो आत येताना त्याच्या आकारमानाइतकं, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास, तेल टाकीत परततं आणि टाकी ओसंडते. आधी तेल दुधाळ दिसतं, ती हवा. फेस बसला, दांड्याचे धक्के थांबले की झालं.

पहिलाच ओंडका काकांनी मुद्दाम गाठीचा निवडला. पाचर टेकली, इंजिनाचा आवाज खाली उतरला, पंप मोठ्या दाबावर गेला, आणि कडाड्! दोन फाका.

तीन कॉर्ड लाकूड जून उजाडायच्या आत फोडून झालं. आता ते रचायचं काम चालू आहे, आणि त्याला अजून तरी कुणी हायड्रॉलिक्स लावलेलं नाही. कंबर आमचीच.