जाळीपलीकडचे मैदान

अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाची दोन शहरे एकमेकांना लागून आहेत. एक कॅन्सस राज्यात, दुसरे मिसुरी राज्यात. मोठे ते मिसुरीतले. या मिसुरीतल्या शहरात अठरावा रस्ता आणि व्हाइन रस्ता जिथे मिळतात, तो भाग एकेकाळी काळ्या लोकांची वस्ती म्हणून ओळखला जाई. गोऱ्यांच्या हॉटेलांत, दुकानांत, नाट्यगृहांत प्रवेश नसलेल्या या माणसांनी इथे स्वतःची हॉटेले, स्वतःची दुकाने आणि स्वतःचे संगीत उभे केले. त्याच नाक्यावर आज ‘निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम’ आहे. भाची नोकरीनिमित्त त्या शहरात राहते, म्हणून माझ्यासारख्या कारकुनाला ते पाहण्याचा योग आला. नावातला ‘निग्रो’ हा शब्द आज तिकडे कोणी कोणाला उद्देशून वापरत नाही. पण त्या संघांचे नाव तेच होते, म्हणून संग्रहालयानेही तेच ठेवले आहे.

बेसबॉल हा तिकडचा चेंडू-फळीचा खेळ, आपल्याकडच्या क्रिकेटसारखा घराघरांत बोलला जाणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या संघमालकांनी काळ्या खेळाडूंना मोठ्या स्पर्धांतून बाहेर काढले. गंमत अशी, की तसा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. सगळ्यांनी आपापसांत समजून घेतले होते, एवढेच! वाचक बंधू-भगिनींनो, अशा न लिहिलेल्या नियमांची ओळख आपल्याला नव्याने करून द्यायला नको.

मग १३ फेब्रुवारी १९२० रोजी रूब फॉस्टर या काळ्या खेळाडू-व्यवस्थापकाने याच वस्तीतल्या वाय.एम.सी.ए.च्या इमारतीत संघमालकांची बैठक घेतली आणि काळ्या संघांची स्वतंत्र साखळी स्पर्धा स्थापन केली. ही तारीख वाचून मी जागीच थांबलो. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला होता. मध्ये अवघे तेरा दिवस. दोघांना एकमेकांची खबरही नसेल.

संग्रहालयात शिरताच समोर खेळाचे मैदान दिसते. त्यावर ब्राँझचे दहा पुरुषभर उंचीचे खेळाडू आपापल्या जागी उभे आहेत. चेंडू टाकणारा सॅचेल पेज, त्याच्यासमोर बसलेला जॉश गिब्सन, लांब उभा ऑस्कर चार्ल्सटन. पण आत जाता येत नाही. मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी आहे. त्या काळी अनेक मैदानांवर काळ्या प्रेक्षकांना असे वेगळे ठेवीत, म्हणून ही जाळी. सगळा इतिहास फिरून पाहावा, तेव्हाच शेवटी मैदानात पाऊल ठेवता येते. पैसे दिले म्हणून थेट पुतळ्यांजवळ जाऊन फोटो काढला, असे इथे होत नाही. मला ही मांडणी फार योग्य वाटली.

आतल्या काचेच्या कपाटांत जुने हातमोजे, झिजलेले बूट, सामन्यांच्या जाहिराती आणि संघांच्या बसगाड्यांचे फोटो आहेत. हे खेळाडू बसने शेकडो मैल फिरत. वाटेत खोली मिळत नसे, जेवणही मिळत नसे. कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात १९४५ साली जॅकी रॉबिन्सन खेळत होता. त्याची एक हकीकत त्या संघाचे बक ओनील नेहमी सांगत. एका पेट्रोल पंपावर बसची टाकी भरणे चालू असताना रॉबिन्सन शौचालयाकडे निघाला. मालकाने अडवले. रॉबिन्सन म्हणाला, मग टाकीतली नळी बाहेर काढा. एवढे मोठे गिऱ्हाईक जाते म्हटल्यावर मालक नरमला. हे ऐकताना भाची म्हणाली, “मामा, ही तर आपल्या पाणवठ्याचीच गोष्ट झाली हो.” मी काहीच बोललो नाही. बोलायचे काय होते?

याच मोनार्क्स संघाने १९३० साली ट्रकवर दिवे चढवून रात्रीचे सामने सुरू केले. गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धेत ते यायला १९३५ उजाडले. दिवसभर कामावर असलेल्या माणसाला रात्री सामना पाहता येतो, हा साधा हिशोब त्यामागे होता.

१५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन गोऱ्यांच्या ब्रुकलिन संघातून मैदानात उतरला आणि दार उघडले. जॉश गिब्सन मात्र त्याआधी तीन महिने, पस्तिसाव्या वर्षी वारला होता. पुढे चांगले खेळाडू तिकडे गेले, प्रेक्षकही गेले, आणि काळ्यांचे संघ एकेक करून बंद पडले. त्यांच्या पराक्रमाची नोंद कोण ठेवणार? १९९० साली बक ओनील आणि इतर म्हातारे खेळाडू यांनी एका खोलीत हे संग्रहालय सुरू केले. खोलीचे भाडे ते आळीपाळीने भरत. १९९७ पासून ते आताच्या जागेत आहे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. गोऱ्यांची वर्तमानपत्रे या सामन्यांचे आकडे बहुधा छापतच नसत. ते छापले ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरिअर’, कॅन्सस सिटीचे ‘कॉल’ या काळ्या समाजाच्या साप्ताहिकांनी. संशोधकांनी वर्षानुवर्षे त्या जुन्या अंकांतून एकेक सामना वेचला. डिसेंबर २०२० मध्ये बेसबॉलच्या मुख्य संस्थेने या स्पर्धांना मोठ्या स्पर्धांचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये २३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले. सुमारे पाऊण सामन्यांचीच नोंद मिळाली आहे, तरीही फलंदाजीच्या सरासरीत सर्वकालीन पहिला क्रमांक जॉश गिब्सनचा लागला. हजारी ३७२! आधीचा विक्रम टाय कॉबचा, ३६७. गिब्सनला जाऊन तेव्हा ७७ वर्षे झाली होती.

अशा वेळी आपले पळवणकर बाळू आठवणारच. चर्मकार समाजातला हा गोलंदाज पुण्यात हिंदू संघाकडून खेळे, तेव्हा त्याचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात येई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. राजकारणात बाळू १९३७ ला बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले, हे खरे. पण त्यामुळे ते ११४ बळी कमी होत नाहीत.

आणि बाळूंचे निदान नाव तरी उरले. आमच्या चाळीच्या कबड्डी संघाच्या ढाली विहाराच्या कपाटात आहेत. त्यांच्यावर वर्ष आहे, मंडळाचे नाव आहे, खेळाडूंची नावे नाहीत. फोटोत अकरा जण आहेत. त्यांतल्या चौघांना ओळखणारी एकच आजी आता उरली आहे. परत आल्यावर मुलांना वही घेऊन तिच्याकडे पाठवले. फोटोच्या मागे नावे लिहून झाली.

बक ओनील यांना मानाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये २००६ साली एका मताने डावलले गेले. ज्या सतरा जणांची निवड झाली, त्यांच्या सोहळ्यात त्या वयातही त्यांनी स्वतः उभे राहून भाषण केले, आणि त्याच ऑक्टोबरात ते गेले. त्यांची निवड झाली ती २०२२ च्या सोहळ्यासाठी.

१९२० ची बैठक झाली ती वाय.एम.सी.ए.ची इमारत संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे बक ओनील यांच्या नावाचे संशोधन केंद्र करण्याचे काम चालू असताना २०१८ साली कोणीतरी आत शिरून पाण्याचा नळ कापला व तळमजले पाण्याने भरले. लोकांनी वर्गणी दिली, दुरुस्ती सुरू झाली. आता तिच्याशेजारीच संग्रहालयाची नवी, तिप्पट मोठी इमारत बांधायचे ठरले आहे.